आक्काच्या चटणीचे दाणे

अंबाजोगाई
कोजागरीनंतरचा सोमवार

प्रिय बाळू,

दोन दिवाळ्या गेल्या, तुला एक ओळ नाही. बांधाच्या भांडणात मी जे बोललो ते चुकलंच, माफी समोर येऊन मागीन. परवापासून तीनदा फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. बोलता आलं नसतं. माझी तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर आहे.

आक्काला यकृताचा कॅन्सर निघालाय. पोळ्याच्या आठवड्यात पोट फुगलं, घास जाईना, लातूरला नेलं. रक्तात कावीळ ब निघाली, आतल्या आत कैक वर्षांची. एवढं तुला दाजींनी सांगितलं असेल. पुढचं त्यांनाही माहीत नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दारू? नाही. तंबाखू? तिनं मिश्रीसुद्धा लावली नाही. मग म्हणाले, ‘बुरशी आलेले शेंगदाणे, मका, असं काही खाण्यात असायचं का?’ बाळू, मी तिथंच भिंतीला टेकलो.

माळवदावर सूप घेऊन बसलेली आक्का आठवते ना? टपोरे दाणे आडतीला, त्याखालचे आपल्या दोघांच्या डब्याला, आणि चिमलेले, काळे पडलेले, हिरवट बुरशीचे तिच्या ओटीत. त्यांची चटणी ती वेगळी कुटायची, लसूण-तिखट सढळ घालून, म्हणजे कडूपणा लागू नये. तू एकदा चुकून तो डबा उघडलास, घास थुंकलास आणि अख्खा डबा उकिरड्यावर ओतलास. ती दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही. आणि मी तिची बाजू घेऊन तुझी गचांडी धरली, ‘गरिबाच्या घरचं अन्न फेकतोस?’ म्हणून. तुझं खरं होतं रे. त्या दिवशी मी तुला साथ दिली असती तर?

तेव्हापासून रात्री हेच वाचतोय. त्या बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, तिच्यावरूनच विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन पडलं. 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ते सापडलं. आपल्याकडं 1974 मध्ये पंचमहाल आणि बांसवाड्याच्या खेड्यांत अवकाळी पावसानं भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन दगावली. ते एकदम पोटात गेलेलं विष. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं की ते यकृताच्या पेशी बिघडवतं, आणि कावीळ ब असेल तर धोका कैकपटीनं वाढतो. भाजून, कुटून, उकळून ते पुरतं जात नाही. शेंगा भरताना पाऊस ओढ देतो, जमीन तापते, तेव्हा बुरशी मातीतच शेंगेत शिरते. मग काढणीत पाऊस गाठतो आणि ओल्या शेंगा पोत्यात जातात. आपल्या शिवारातलं कोणतं साल याहून वेगळं गेलं?

सगळ्यात लागलं ते हे, की विष थोड्याच दाण्यांत साठलेलं असतं, आणि ते बहुतेक डोळ्यांना दिसणारे, सुरकुतलेले, रंग गेलेलेच असतात. म्हणजे निवडलं की उरलेला माल पुष्कळसा निर्धोक होतो. आक्कानं आपल्याला निवडून दिलं बाळू. निवडून निघालेलं स्वतः खाल्लं.

चटणीनंच झालं असं एका माणसाबद्दल सांगता येत नाही, कावीळ ब एकटीही एवढं करू शकते, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. मला ते पटतं, आणि रात्री पटत नाही. चीनमध्ये चीदोंग म्हणून भाग आहे, तिथं लोक मक्यावरून तांदळावर आले आणि यकृताचा कॅन्सर घटला. ताटातलं बदलून फरक पडतो, हे वाचलं की बरं वाटण्याऐवजी पोटात कालवतं.

आणखी एक. धाकट्या जावेनं आक्काचं ताट-तांब्या वेगळा केलाय. कॅन्सर लागत नाही, आणि कावीळ ब एका ताटात जेवून होत नाही, ती रक्तातून, नवराबायकोच्या संबंधातून, बाळंतपणात आईकडून लेकराला जाते. मी तिच्या ताटात जेवून दाखवलं तरी जाऊ ऐकेना. पोरांची तपासणी केलीय, ज्यांना नाही त्यांना लस देतोय.

तुझ्या पोरीला मेडिकलला नंबर लागला म्हणे, फार आनंद झाला. वहिनींचा गुडघा कसा आहे? रूपालीच्या सासरचं मिटलं का तेही कळव.

या वर्षी खराब दाणे मी वेगळे काढले. घाण्यावाला न्यायला आला होता, दिले नाहीत. गाळलेल्या तेलात ते विष थोडं उतरतं, बरंचसं पेंडीत राहतं, आणि ती पेंड खाल्लेल्या म्हशीच्या दुधातूनही येतं. खड्डा करून पुरले. आक्का खाटेवरून बघत होती. ‘एवढं पुरायलास व्हय रं,’ म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

तिला हे काही सांगितलेलं नाही. सांगावं का? काल हट्टानं सूप मागून घेतलं, तासभर निवडत बसली. उठवताना तिच्या ओटीत हात घातला तर अकरा काळे दाणे निघाले. माझ्यानं तिला काही बोलवलं नाही. तू डबा ओतला होतास, तुला ते जमतं. दिवाळीची वाट बघू नकोस, येत्या रविवारी ये.

तुझा,
दिगू