संचलनाच्या बातमीत बँडपथक कुठे आहे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्रजासत्ताक दिनी पोलीस कवायत मैदानावर झालेल्या संचलनाचा वृत्तान्त आपल्या अंकात वाचला. ध्वजारोहण, पालकमंत्र्यांचे भाषण, सहभागी पथके, पहिल्या क्रमांकाचा चित्ररथ, सगळे तपशीलवार आले आहे. बँडपथकाच्या वाट्याला मात्र ‘बँडच्या तालावर शानदार संचलन’ एवढेच आले. दरवर्षी एवढेच येते, आणि ते सगळ्याच वर्तमानपत्रांत येते, त्यामुळे दोष एकट्या आपल्याला देत नाही. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. शाळेचे बँडपथक बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्या मैदानावर सर्वांत अवघड काम कोण करत असते, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

‘तेज चल’मध्ये, म्हणजे संचलनाच्या नेहमीच्या चालीत, मिनिटाला 120 पावले पडतात आणि एकेक पाऊल 30 इंचांचे असते. एवढे तर प्रत्येक पथकाला साधावे लागते. बँडवाल्याला ते साधून वर वाजवायचे असते. कॉर्नेट किंवा ट्रम्पेटचा सूर ओठांच्या कंपनातून निघतो. टाच जमिनीवर आपटली की तो हादरा पाठीच्या कण्यातून थेट माऊथपीसपर्यंत जातो, ओठ दातांवर दाबला जातो आणि सूर फुटतो. म्हणून चांगला बँडवाला टाच आपटत नाही. टाचेवरून चवड्यावर पाऊल अलगद उतरवतो, कमरेच्या वरचा भाग स्थिर ठेवतो. बिगुलाला तर बोटांनी दाबायच्या कळाही नसतात. एका साध्या नळीतून केवळ ओठांच्या ताणावर जेमतेम पाच सूर काढायचे आणि त्यातच पूर्ण धून बसवायची. माऊथपीस ओठांना लागलेला असल्यामुळे रांग सरळ आहे की नाही हे मान वळवून पाहता येत नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच शेजाऱ्याचा खांदा धरावा लागतो. श्वासही हवा तेव्हा घेता येत नाही. धून जिथे जागा देईल तिथेच, दोन पावलांच्या मधे.

मैदानाच्या कोपऱ्यावर बँड वळतो ते कधी नीट पाहा. पाच-पाचच्या रांगा असतील तर आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी कदमताल करतो, बाहेरच्या टोकाचा ढांगा लांबवतो आणि मधल्या तिघांची पावले त्या प्रमाणात लहानमोठी होतात. पाचांची पावले वेगवेगळ्या लांबीची, पण पडतात एकाच क्षणी. रांग मोडत नाही आणि धून तसूभरही मंदावत नाही. पहिल्या रांगेत बहुधा ट्रॉम्बोनवाले दिसतील. मागे उभे केले तर त्यांची पुढेमागे सरकणारी नळी पुढच्याच्या पाठीत बसेल, म्हणून ही जागा. अशा बारीकसारीक गोष्टींचा विचार कुणीतरी आधी केलेला असतो, म्हणूनच आपल्याला ते सगळे सोपे वाटते.

साइड ड्रमचे वेगळेच. पट्टा उजव्या खांद्यावर आणि ड्रम डाव्या मांडीवर तिरका, म्हणून डाव्या हातातली काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागते आणि उजवीकडची सरळ मुठीत. दोन हातांची पकड वेगळी, ताकद वेगळी, पण आवाज एकसारखा हवा. आमच्याकडे नव्या मुलांना बरेच आठवडे ड्रम मिळतच नसे. लाकडी फळीवर रबर ठोकलेले असायचे आणि त्यावर डावा-उजवा, डावा-उजवा, मग डावा-डावा, उजवा-उजवा. सातवीतली एक मुलगी होती, तिचा डावा हात कायम मागे पडायचा. तिने फळा पुसणे, केस विंचरणे, दप्तर उचलणे, सगळे डाव्या हाताने सुरू केले. हे मी तिला सांगितले नव्हते, तिचे तिनेच ठरवले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला वाजवायला लावून मी पाठ करून उभा राहिलो, तर कुठला ठोका कुठल्या हाताचा, मला ओळखता येईना. ती पुढच्या प्रजासत्ताक दिनाला पहिल्या रांगेत होती. तिचा फोटो कुठे छापून आला नाही.

संचलनात बँडपासून बऱ्याच मागे असलेल्या पथकांची पावले चुकतात आणि लोक म्हणतात, मुलांची तयारी नव्हती. खरे कारण बऱ्याचदा वेगळे असते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पाऊल पडते अर्ध्या सेकंदाला एक. म्हणजे बँडपासून 85 मीटर मागे असलेल्या पथकाला ढोलाचा ठोका पाव सेकंद उशिरा, बरोबर अर्ध्या पावलाने मागे ऐकू येतो. तिथला मुलगा कानावर विसंबला तर पुढच्यांशी जुळणार कसा? खुद्द बँडमध्येही पहिली आणि शेवटची रांग यांत हा फरक थोडा का होईना असतोच. म्हणून ढोल मधोमध ठेवतात आणि म्हणूनच पुढे ड्रम मेजर असतो. त्या गदारोळात तोंडी हुकूम कुणाला ऐकू जाणार? सुरू करणे, थांबवणे, वळणे, धून बदलणे, सगळे त्याच्या हातातल्या छडीवर चालते. प्रेक्षकांना ती छडी शोभेची वाटते. पथकाच्या दृष्टीने तीच आज्ञा असते.

आणि हवामान! जानेवारीत सकाळी पितळ गार पडलेले असते आणि वाद्य सुराला उतरलेले लागते. म्हणून वाजवायच्या आधी मुले आत नुसती हवा फुंकून वाद्य तापवत असतात. दुपारच्या उन्हात तेच वाद्य चढते. पंधरा ऑगस्टला पाऊस असला की चामड्याचे ढोल ढिले पडतात. सगळी पथके मंचासमोरून जाऊन मोकळी होतात तेव्हा बँड मंचासमोर उभा राहून शेवटचे पथक जाईपर्यंत वाजवत असतो. ओठांचे स्नायू थकले की सूर लागत नाही, म्हणून बँडमास्तर मधेमधे नुसते ड्रम वाजते ठेवून पितळी वाद्यांना दम घेऊ देतो. हे कळायला संगीत शिकावे लागत नाही, जरा लक्ष द्यावे लागते.

या विद्येमागे आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई आणि तिथून तयार झालेले वादक ब्रिटिश काळात देशभरच्या लष्करी व पोलीस बँडमध्ये भरती होत. सैन्याच्या बँडवाल्यांसाठी मध्य प्रदेशात पचमढी येथे स्वतंत्र प्रशिक्षण संस्था आहे. वाद्ये बहुतेक मेरठची. तिथल्या नादिर अली कंपनीचा धंदा 1885 सालापासूनचा, आणि तिचा संस्थापक स्वतः ब्रिटिश फौजेत बँडवाला होता. दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणारे ‘बीटिंग रिट्रीट’ होते, तेव्हा तिन्ही दलांचे बँड वाजवता वाजवता एकमेकांच्या रांगांमधून आरपार जातात. तो सोहळा टीव्हीवर पाहून आपण भारावतो आणि गावातल्या बँडकडे ढुंकूनही पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

लग्नाच्या वरातीतला बँड तर कुणी कलेत धरतच नाही. त्यांच्यासमोर कागद नसतो. नवे गाणे कानाने उचलायचे, वाद्यांत वाटून घ्यायचे आणि संध्याकाळी वाजवायचे. रस्ता खड्ड्यांचा, मागून गाड्यांचे हॉर्न, पुढे नाचणारी मंडळी, आणि अवजड वाद्य खांद्यावर. तरी ठेका सुटत नाही. हंगाम संपला की यातले अनेक जण मजुरीला किंवा शेतावर जातात आणि पुढच्या हंगामात तोच हात पुन्हा वाद्यावर बसवतात. मुंबई पोलिसांच्या बँडने ‘खाकी स्टुडिओ’ या नावाने लोकप्रिय गाणी वाजवून लोकांना समाजमाध्यमांवर वेड लावले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण तेच पोलीस बँडवाले त्याआधीही वर्षानुवर्षे तितकेच सुरेल वाजवत होते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आमच्या शहरातल्या एका शाळेने गेल्या वर्षीपासून बँडपथक बंद केले. संचलनाला ध्वनिवर्धकावर मुद्रित धून लावतात. वाद्ये एका खोलीत कुलूपबंद आहेत. चौकशी केली तेव्हा ‘शिकवायला माणूस नाही, तासही बसत नाही’ असे उत्तर मिळाले. अनेक शाळांत क्रीडाशिक्षकाचीच जागा रिकामी असते, तिथे बँडचा शिक्षक कुठून येणार, हे मी समजू शकतो. पण मुद्रित धून मुलांसाठी थांबत नाही. पथक वळताना अडखळले, पुढे खोळंबा झाला, तर जिवंत बँड दोन आवर्तने जास्त वाजवून सांभाळून घेतो. ध्वनिवर्धकाला मैदानावर काय चालले आहे ते दिसत नाही. शिवाय अभ्यासात मागे, खेळात मागे अशी कितीतरी मुले मी बँडमध्ये ताठ मानेने उभी राहिलेली पाहिली आहेत. त्यांना दुसरी जागा कोणती?

शाळांना माझे कळकळीचे सांगणे आहे, पूर्ण पितळी बँड परवडत नसेल तर चार साइड ड्रम, एक ढोल, झांजा आणि काही बिगुल एवढ्यावरही उत्तम पथक उभे राहते. प्रत्येक शहरात पोलीस दलातून किंवा सैन्यातून निवृत्त झालेले बँडवाले आहेत, त्यांना मानाने बोलवा, योग्य मानधन द्या. संचलनाच्या आयोजकांनी उत्कृष्ट पथकाचे बक्षीस देताना बँडसाठी वेगळे बक्षीस ठेवावे, कारण चालणाऱ्या पथकाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. मुलांना तासन् तास उन्हात उभे केले जाते, त्यांच्या पाण्याची सोय करावी.

आपल्याकडे एवढेच मागणे आहे की बातमीत बँडपथकाचे आणि बँडमास्तरांचे नाव यावे, त्यांनी काय वाजवले ते यावे. स्वातंत्र्यदिनाच्या आधी आपला एखादा वार्ताहर सरावाला पाठवा. पहाटे साडेसहाला कुठल्याही शाळेच्या मैदानावर तो चालू असतो. संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयातर्फे राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते, तिची अंतिम फेरी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत असते. त्याआधी राज्य आणि विभागीय फेऱ्या होतात, पण त्या कधी आणि कुठे हे आमच्यासारख्यांना कळतच नाही. ती तारीख आणि ठिकाण आपण आठवडाभर आधी छापलेत, तर पालक आणि जुने बँडवाले आवर्जून जातील.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा