मंदार, इंटरव्ह्यूला येण्याआधी

12 ऑगस्ट 2025
रात्री साडेनऊ

प्रिय मंदार,

काल फोनवर तू म्हणालास, "तुमच्या एअरलाइनच्या इंटरव्ह्यूला येऊ की नको, एवढंच सांग." मी तेव्हा क्रू व्हॅनमध्ये होते. शेजारी कॅप्टन, मागे केबिन क्रूच्या दोघी. तिथे काय बोलणार? 'नंतर करते' म्हणून ठेवला आणि तुझा आवाज पडलेला ऐकला. आज सुट्टी आहे, म्हणून लिहायलाच बसले. लांबेल, पण निवांतपणे वाच.

आधी तू शब्द टाकायला सांगितलंस त्याचं. चीफ पायलटना मी इतकंच सांगितलंय की मंदार माझा बॅचमेट आहे, गोंदियाला आम्ही बरोबर होतो आणि गेली चार वर्षं तो इन्स्ट्रक्टर म्हणून मुलं शिकवतोय. ते म्हणाले, "ठीक आहे, येऊ दे." याच्यापुढे मी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. राग मानू नकोस. आमच्याकडे पायलट साठसुद्धा नाहीत. कोणी कोणाला आणलं हे इथे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. वशिल्याने आत आलेल्या माणसाला मग कॉकपिटमध्ये तोंड उघडणं जड जातं. ते ओझं तुझ्या खांद्यावर नको.

आता तुझा दुसरा मुद्दा. इंडिगोने 2023 मध्ये एकदम 500 विमानं मागवली, त्याच वर्षी एअर इंडियाने 470, मग छोट्या कंपनीत कशाला अडकायचं, मोठ्या जाहिरातीची वाट बघावी, असं तुझं म्हणणं. मंदार, ही विमानं एका दिवाळीत येत नाहीत, वर्षं लागतात. आणि त्याच 2023 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, 1600 च्या वर नवे सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचे परवाने दिले. रोज पेपरात येतं ना, पायलटांचा तुटवडा म्हणून? तो तुटवडा कॅप्टनांचा आहे. 200 तासांच्या सीपीएलवाल्यांची रांग तर दारापासून रस्त्यापर्यंत आहे, आणि तुझे हजारभर तास असले तरी ते छोट्या सिंगल इंजिनवरचे म्हणून अर्धे लोक बाजूला ठेवतात. आपली लायसन्सं हातात आली आणि 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज बंद पडली, आठवतं? त्या उन्हाळ्यात मी एका इंटरव्ह्यूला गेले तर माझ्या पुढच्या खुर्चीवर दहा हजार तासांचा माणूस फाइल मांडीवर धरून बसला होता. त्याच्याकडे बघून मला माझी फाइल उघडायचीसुद्धा लाज वाटली. पुढच्या मार्चमध्ये कोविडने सगळी विमानंच जमिनीवर आणली. आपण तेव्हापासून वाटच बघत होतो. तुझ्या बाबांच्या कर्जाचं व्याज मात्र थांबलं नाही.

तर ये. पण कुठे येतोयस ते नीट समजून ये.

पैशाचं पटकन सांगते. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानासाठीच्या ट्रेनिंगचा खर्च आणि बाँड, दोन्ही वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. कंपनीच बंद पडली तर बाँडचं काय, मेडिकल गेलं तर काय, या दोन ओळी शोध. मी न वाचता सही केली होती आणि पहिली दोन वर्षं त्या कागदाच्या धास्तीत काढली. नोटीस पीरियड डीजीसीएच्या नियमानेच को-पायलटला 6 महिने आणि कमांडरला 12 महिने आहे, म्हणजे उद्या दुसरीकडे जायचं म्हटलं तरी लगेच उठून जाता येत नाही. मागच्या वर्षी आमचा पगार लागोपाठ दोन महिने उशिरा झाला. उडान योजनेतलं सरकारी अनुदान एका मार्गाला तीन वर्षं मिळतं. ते संपलं आणि विमान भरत नसलं की तो मार्ग बंद होतो, आणि त्याबरोबर आपले तासही कमी होतात. चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच ये.

आता रोजच्या कामाचं. जेटवाले ढगांच्या वरून जातात, आमचं एटीआर, प्रोपेलरचं छोटं विमान, ढगांमधून जातं. 17-18 हजार फुटांवर पावसाळ्यात सह्याद्री ओलांडताना हातातला पेन हातात राहत नाही. दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, कधी सहा. दर अर्ध्या तासाने नवं गाव, आणि बऱ्याच ठिकाणी आयएलएस, म्हणजे धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा नाही. पण मंदार, उडवायला मिळतं! हाताने उडवायला मिळतं. चार वर्षांत माझे 2500 तास झाले.

आणि माणसं. गेल्या मे महिन्यात मराठवाड्यातल्या एका विमानतळावर वॉकअराउंड करताना, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासताना, मला मेन व्हीलच्या टायरवर काप दिसला. बोटाचं पेर आत जाईल एवढा. विमान तिथेच अडकलं. आमच्याकडे विमानंच मोजकी, त्यामुळे एक अडकलं की संध्याकाळपर्यंतचं सगळं रोस्टर कोसळतं. स्पेअर चाक बेसवरून टेम्पोने निघालं, रात्रभर प्रवास करून सकाळी पोचलं. इंजिनिअर तापलेल्या डांबरावर गोणपाट टाकून जॅकजवळ आडवा झाला, आणि आमचे कॅप्टन, चार पट्ट्यांसकट, त्याच्या डोक्यावर छत्री धरून पाऊण तास उभे राहिले. काउंटरवर बोर्डिंग पास देणारा मुलगा आदल्या संध्याकाळी सत्तर लोकांची जेवणाची सोय करत होता, सकाळी तोच जॅकेट चढवून विमान मार्शल करायला उभा. त्या मुलाला मी नावाने ओळखते, त्याच्या बहिणीचं लग्न कधी आहे तेही मला माहीत आहे. 'हे माझं काम नाही' हे वाक्य मी इथे अजून ऐकलेलं नाही. मोठ्या कंपनीत गेलेल्या माझ्या मैत्रिणी सांगतात की प्रत्येक फ्लाइटला कॅप्टनशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. इथे कॅप्टनच्या घरी कोण आजारी आहे हे मला ब्रीफिंगआधीच माहीत असतं, आणि त्या दिवशी मी जरा जास्त लक्ष ठेवते.

पण याच जवळिकीचा त्रासही होतो, तो लपवणार नाही. पहिल्या वर्षी एक कॅप्टन होते, आता इथे नाहीत. आठवडाभर माझी जोडी त्यांच्याबरोबर लागली. एकही लँडिंग दिलं नाही. काही विचारलं की "तू रेडिओ सांभाळ, ते बायकांना चांगलं जमतं." मी हळूहळू गप्प होत गेले. आठवड्याच्या शेवटी उतरताना कंट्रोलरने 6000 फूट दिले आणि त्यांनी 5000 लावले. मला दिसलं. तरी बोलायला मला दोन-तीन सेकंद लागले. बोलले, त्यांनी दुरुस्त केलं, काही झालं नाही. पण रात्री झोप आली नाही. त्यांच्या चुकीपेक्षा ते दोन-तीन सेकंद मला खात होते. त्या माणसाने मला आठवडाभरात इतकं बदललं होतं.

मी रिपोर्ट लिहिला. रिपोर्ट गुप्त असतो म्हणतात. पण त्या दिवशी त्या विमानात दोनच पायलट होते, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. महिना-दीड महिना मी आले की चहाजवळचं बोलणं थांबायचं. एकाने तर "जरा सांभाळून घ्यायचं असतं गं" असं समजावलं. चीफ पायलटनी मला बोलावून शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतः त्या कॅप्टनच्या मागे जंप सीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या तिसऱ्या खुर्चीवर बसून चार सेक्टर केले. नंतर त्या कॅप्टनना पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं. कंपनी छोटी म्हणूनच मला चहाजवळ एकटं पडावं लागलं, आणि कंपनी छोटी म्हणूनच चीफ पायलट स्वतः येऊन बसू शकले. हे दोन्ही तुला इथे मिळेल.

सीआरएमच्या, म्हणजे कॉकपिटमधल्या ताळमेळाच्या वर्गात तू मंगळूरचा अपघात शिकवत असशीलच. 22 मे 2010, 158 माणसं. उजव्या सीटवरून, म्हणजे को-पायलटकडून, 'गो अराउंड' (उतरू नका, पुन्हा वर चला) आलं होतं, एकदा नाही, तीनदा. कोळिकोडला 7 ऑगस्ट 2020 ला 21 जण गेले, तिथल्या अहवालातही उजव्या सीटवरचा 'गो अराउंड' आहे. दोघांनीही सांगितलं होतं. मी हे अहवाल पहिल्यांदा वाचले तेव्हा परीक्षेसाठी वाचले. आता वाचवत नाहीत.

म्हणून मागच्या महिन्यातली गोष्ट तुला सांगायचीच आहे. कोकणातली धावपट्टी, कॅप्टन उडवत होते, मी मॉनिटर करत होते. मिनिमाला, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर जिथून परत वर जायचं त्या उंचीला, दिवे दिसले, आम्ही उतरत राहिलो. आणि डावीकडून पावसाचा पडदा आला. वायपर पूर्ण वेगात, तरी समोर नुसतं पांढरं. मी "गो अराउंड" म्हटलं आणि कॅप्टनचा हात गेला, पॉवर लिव्हर पुढे, नाक वर. एक प्रश्न नाही, माझ्याकडे बघणंसुद्धा नाही. वीस मिनिटं हवेतच घिरट्या घालत होल्ड केलं आणि गोव्यातल्या मोप्याला जाऊन उतरलो. ऑप्सचा, म्हणजे उड्डाणांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्याचा फोन आला. त्या माणसाचं सगळं रोस्टर आम्ही मोडलं होतं, पण त्याने विचारलं ते इतकंच, फ्युएल किती आहे आणि प्रवाशांसाठी बस किती लागतील. 'का वळलात' हे त्याने विचारलं नाही. नंतर पायऱ्यांवर उभं राहून चहा पिताना कॅप्टन मला म्हणाले, "मला वाटत होतं, अजून एक सेकंद, आत्ता दिसेल. तुझा आवाज आला म्हणून हात गेला." वीस वर्षं उडवणारा माणूस हे एका फर्स्ट ऑफिसरला सांगतो. मोठ्या कंपनीचा दुप्पट पगार मी दोनदा नाकारला, तो याच्यासाठी.

आता इंटरव्ह्यू. लेखी परीक्षा तुला जड नाही, रोज तेच शिकवतोस. सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा एटीआरसारखं टर्बोप्रॉप हातात आलं की पॉवर हलवताच नाक इकडेतिकडे जाईल, पाय जागे ठेव. घाबरून गप्प बसू नकोस, जे करतोयस ते बोलत राहा. शेवटी चीफ पायलट एकटेच भेटतील. मला आधी एका दुसऱ्या ठिकाणी सगळी टेक्निकल उत्तरं बरोबर आल्यावर "लग्न कधी करणार?" असं विचारलं होतं आणि माझं उत्तर पूर्ण होण्याआधीच फाइल मिटली होती. इथे चीफ पायलटनी विचारलं, "तुझ्या हातून झालेली एखादी चूक सांग."

मी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरचं ते लँडिंग सांगितलं. तुला आठवत असेल, तू खाली टपरीपाशी उभा होतास. माझं सोलो, दुपारचा वारा, पहिली उसळी, दुसरी, तिसरी, आणि तरी मी ते डीए-40 विमान जमिनीवर टेकवायच्याच मागे. प्रोपेलर डांबराला लागायचा थोडक्यात राहिला. सरांनी नंतर विचारलं, "गो अराउंड का नाही केलंस?" मी म्हटलं होतं, "सगळे बघत होते." हेच मी चीफ पायलटना सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी पेन खाली ठेवला आणि पुढे एवढंच विचारलं, "आणि आता?" मी काय उत्तर दिलं ते तुला सांगत नाही. तुझं तू दे. पाठ केलेलं उत्तर त्यांना लगेच कळतं.

आणखी एक, हे फक्त तुला सांगते. ऑक्टोबरपासून माझं कमांड ट्रेनिंग, म्हणजे कॅप्टन होण्याचं ट्रेनिंग सुरू होतंय. सगळं नीट झालं आणि तुझी निवड झाली, तर पुढच्या पावसाळ्यात मी डाव्या सीटवर आणि तू उजव्या असं होऊ शकतं. रोस्टर करणाऱ्या मुलीला आपली मैत्री माहीत नसणार, आणि मी सांगणारही नाही. मंदार, मला खरं उत्तर हवंय. मी चुकत असले, दमलेली असले, पुण्याला आई एकटी वाट बघतेय म्हणून उतरायची घाई करत असले, तर तू बोलशील ना? मैत्रीण आहे, वाईट वाटेल, असा विचार करत ते दोन-तीन सेकंद घालवणार नाहीस ना? अहमदाबादचा विमान अपघात झाल्यापासून आई प्रत्येक लँडिंगनंतर मेसेज मागते. मी पाठवते. पण मला धीर येतो तो शेजारी कोण बसलंय यावरून.

याचं उत्तर फोनवर देऊ नकोस, येशील तेव्हा समोर बसून दे. मूळ लॉगबुक, मेडिकल आणि आरटीआर, म्हणजे रेडिओचा परवाना, बरोबर आण, झेरॉक्स चालत नाहीत. उतरायला माझ्याकडेच ये, हॉटेलचा खर्च करू नकोस. काकूंना म्हणावं, चिन्नोर तांदूळ पाठवलात तर खिचडी मी करीन.

पहाटे 4:10 ला पिकअप आहे, झोपते.

तुझी,
वैदेही