तो उलटा रस्ता आधी बंद कर

नाशिक, रविवार

चि. गार्गी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर दोघींचाही आवाज चढला. बाबा म्हणाले, आता बोलू नकोस, लिही. म्हणून मेल करतेय.

ऑफिसची बंदी चुकवायला तू काढलेल्या वाटेबद्दल सिक्युरिटी टीमने विचारणा केली, उद्या एचआरसमोर बसायचंय, यापेक्षा मला घोर लागलाय तो तू जाता जाता बोललीस त्याचा. "आणि आई, घरूनही ऑफिसचं मशीन दिसतं." तो उलटा रस्ता बंद केलास का?

बाकीचा खटाटोप कळला मला. हॉस्पिटलचं पोर्टल ऑफिसात ब्लॉक, आजीचे क्रिएटिनिनचे, म्हणजे किडनीच्या तपासणीचे, रिपोर्ट तिथेच येतात. तू भाड्याने सर्व्हर घेतलास, त्याच्याशी कुलूपबंद जोडणी करणारं एसएसएच नेहमीच्या २२ ऐवजी ४४३ पोर्टवर, म्हणजे सुरक्षित वेबसाइट्सच्या दारावर ठेवलंस, कारण ४४३ अडवला तर ऑफिसचं निम्मं इंटरनेटच बंद पडेल. लॅपटॉपवर १०८० ला त्या सर्व्हरमार्फत साइट उघडून देणारी सॉक्स प्रॉक्सी उभी केलीस आणि ब्राउझरला वाट सांगणाऱ्या पॅक फाइलमध्ये लिहिलंस, की पोर्टल आणि त्या डॉक्युमेंटेशनच्या साइट्स तेवढ्या या एसएसएचच्या बोगद्यातून, बाकी सगळं ऑफिसच्याच वाटेने. डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधायची, विचारणासुद्धा पलीकडून होईल असं पाहिलंस, नाहीतर तू कुठे जातेस हे ऑफिसला साइटच्या नावावरूनच कळलं असतं. खरं सांगू? ऐकताना ऊर भरून आला. शाळेच्या लॅबमध्ये ऑर्कुट बंद असताना तू प्रॉक्सी साइट शोधून काढलीस, तेव्हा मी आमच्या अख्ख्या टेलिफोन एक्स्चेंजभर सांगत फिरले होते.

पण एसएसएच कुठल्याही पोर्टवर ठेव, सुरुवातीला ते आपली ओळख उघड्या अक्षरांतच सांगतं. कूटलेखन त्यानंतर सुरू होतं. फायरवॉलला आतलं वाचावं लागतच नाही. शिवाय लॅपटॉप त्यांचा, त्यावर कुठली कमांड चालली हे त्यात बसवलेल्या त्यांच्या पाळतीच्या सॉफ्टवेअरला दिसतं. सापडणारच होतीस.

आणि हा बाहेर जायचा रस्ता झाला. उलटा रस्ता वेगळा गं. रिमोट फॉरवर्डिंग म्हणजे सर्व्हरवरच्या एका पोर्टमधून ऑफिसच्या मशीनमध्ये, बाहेरून आत. तू म्हणशील, सर्व्हरवरचं गेटवेपोर्ट्सचं सेटिंग बंद आहे, ते पोर्ट फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडतं. बरोबर. पण त्या सर्व्हरवर कोणी शिरलं तर? इंटरनेटवर उघड्या असलेल्या एसएसएचवर रात्रंदिवस पासवर्ड आजमावणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, असतात. तिथून तुझं मशीन, तिथून तुमची क्लायंट असलेल्या बँकेचं नेटवर्क. मग तुझा हेतू आजीचा रिपोर्ट होता, हे कोण ऐकणार?

एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे जोडतात त्या चौकटीवर, हजारो जंपर, म्हणजे जोडतारा असत, आणि प्रत्येकाची रजिस्टरला नोंद. रात्रपाळीला एखादा नोंद नसलेला जंपर सापडला, की आमचे साहेब जेवण टाकून उठत. टॉर्च घेऊन, तारा जोडलेल्या टॅग ब्लॉकवर एक टोक धरायचं आणि दुसरं मिळेपर्यंत तार हातातून सोडायची नाही. कुणाची तरी लाइन कुणाच्या तरी बिलावर, किंवा कुणीतरी ऐकतंय. तुझा तो बोगदा मला तसाच दिसतो, काय करू.

एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू युलोनेनने लिहिलं, तेच मुळी विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरले म्हणून. राखण करायला केलेली वस्तू आहे ती. बघ, पुन्हा व्याख्यान सुरू झालं. रागावू नकोस. अडचणीच्या वेळी तू एकटीने सगळं निभावलंस, तुला शिकवायची माझी ऐपत नाही. पण भीती वाटते त्याला काय करू?

आयटी कायद्याचं ४३ वं कलम वाच. परवानगीशिवाय शिरणं, आणि दुसऱ्याला शिरायला मदत करणं, दोन्ही त्यात येतं. लबाडीने केलं असं ठरलं तर ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तू लबाडी केलेली नाहीस. म्हणूनच लपवू नकोस.

आज रात्रीच टीम लीडला सांग की उलटा रस्ताही आहे. बंद कर, पण दिलेल्या कमांडची हिस्टरी पुसू नकोस, सर्व्हरही उडवू नकोस. सर्ट-इनच्या, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, २०२२ च्या आदेशानुसार कंपनीला लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या नोंदी, १८० दिवस ठेवावेच लागतात, आणि अनधिकृत प्रवेश कळल्यापासून ६ तासांत त्या यंत्रणेला कळवावा लागतो. त्यांना लॉगमधून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे. पोर्टलसाठी रीतसर अर्ज कर, अशा साइट पुष्कळ ठिकाणी उघडून देतात. नाही दिली, तर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर बघ.

आजीचे रिपोर्ट यापुढे मीच व्हॉट्सॲपवर टाकत जाईन. कालचं क्रिएटिनिन जरा उतरलंय. सुमामावशीला यातलं काही सांगितलेलं नाही. उद्या मीटिंग झाली की आधी मला फोन कर, मग जेव. आणि उलटा रस्ता बंद केलास, एवढं आज झोपण्याआधी कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल.

तुझी,
आई