बारा नंबरच्या खोलीतल्या ताईंना

ताई,

तुमच्या निरोपाच्या दिवशी बोलायला उठले आणि दोन वाक्यांत खाली बसले. राहिलेलं इथे लिहितेय. तुमचं नाव घालत नाही. ती सवय तुम्हीच लावलीत.

एचआयव्ही समुपदेशनाच्या प्रशिक्षणातून मी सगळं पाठ करून आले होते. विंडो पिरियड (लागण होऊनही तपासणीत दिसत नाही तो काळ), पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवरची तपासणी, संमती, गुप्तता. कंडोमचं प्रात्यक्षिकसुद्धा न लाजता केलं होतं. रोल-प्लेमधला माझा 'रुग्ण' तर दोन मिनिटांत रडायचा थांबायचा!

आणि आयसीटीसीत, आपल्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, पहिल्याच आठवड्यात ती आली. (तिला विचारूनच लिहितेय.) गरोदर, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी. रिपोर्ट सांगितला आणि घाबरून मी बोलतच सुटले: एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, बाळाचं औषध, सहा आठवड्यांनी तपासणी, मग अठरा महिन्यांनी. ती कॅलेंडरकडे बघत होती. तुम्ही टेबलाखालून माझा पाय दाबलात. मी गप्प झाले. बराच वेळ नुसता पंखा कुरकुरत होता. मग ती म्हणाली, "मुकादमाला कळलं तर उचल माघारी मागंल का वो?"

माझ्या यादीत हा प्रश्नच नव्हता. एचआयव्हीमुळे कामावरून काढता येत नाही, हा २०१७ चा कायदा मला तोंडपाठ; पण टोळीत तो वाचून कोण दाखवणार? तुम्ही कायदा सांगितलात तो एवढाच, की कुणाला सांगायचं ते तू ठरवायचं. मग विचारलंत, घरात आधी कुणाला सांगावंसं वाटतं? नवऱ्याला तपासणीला कसं आणायचं, तेही तिच्याकडूनच काढून घेतलंत. रक्तवाढीच्या गोळ्यांच्या पिशवीतच ही बाटली ठेवीन, हे तिनंच सुचवलं. तुम्ही कारखान्याचा तालुका विचारलात आणि तिकडच्या एआरटी केंद्रात गोळ्या मिळायची सोय लागेपर्यंत फोन सोडला नाहीत.

एक राग आहे, तोही सांगते. मानधन रखडलेलं असतानाही लोकांना एसटीच्या भाड्याला स्वतःच्या पर्समधून पैसे द्यायचात आणि आम्हाला कळू द्यायचा नाहीत. आम्हीही वर्गणी काढली असती की!

ती परवा आली होती. मुलाची अठरा महिन्यांची तपासणी निगेटिव्ह आली. खोलीभर धावत होता, रजिस्टर दोनदा खाली पाडलं. जाताना म्हणाली, "तुमचा पाय दाबणाऱ्या बाई कुठं गेल्या?"

तिला दिसलं होतं, ताई.

तुमची,
खिडकीकडच्या खुर्चीतली