मनीऑर्डर आली, म्हैस आली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्र देशात पहिला, ही बातमी वाचली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ मध्ये आपला वाटा २०.५ टक्के, केरळचा १९.७. मी आजरा तालुक्यात पोस्टमन होतो. आमच्या भागाला तेव्हा परदेश म्हणजे मुंबईच. गिरणीतल्या पोरांच्या मनीऑर्डरी मी दारोदार वाटल्या, म्हणून चार ओळी.

फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर निरोप असायचा: 'आधी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरणे, उरले त्यात आईचे औषध.' तो वाचून दाखवणं माझ्याकडंच असल्यानं पैसा कुठं जातो ते कळायचं. दुकानाची उधारी, मग बहिणीचं लग्न, मग घरावर मंगळुरी कौलं. चूल पेटायची, पण गावात कमाईचं काही उभं राहायचं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बघता बघता माझी पिशवी हलकी झाली. तेव्हा तगली ती मनीऑर्डरीच्या पैशातून म्हैस घेतलेली घरं. आणि म्हैस परवडली, कारण दूध घालायला गावात डेअरी होती, गोकुळची गाडी येत होती. ती नसती तर तोही पैसा कौलांवरच गेला असता.

देशांचंही तसंच दिसतं. नेपाळच्या जीडीपीच्या जवळपास चौथा हिस्सा बाहेरून येणारा पैसा आहे. तरी तिथली तरणी पोरं पासपोर्टच्या रांगेत. केरळनं शिकून घेतलं, दवाखाने केले, बंगले तर बांधलेच. कारखाने मात्र फारसे आले नाहीत. या पैशाचा गुण मोठा आहे, नाही कशाला म्हणू? घरावर संकट आलं की तो वाढतो; परकी गुंतवणूक नेमकी तेव्हाच पाय काढते. पण भारताला २०२४ मध्ये आलेले सुमारे १२९ अब्ज डॉलर जगात सर्वाधिक असले, तरी आपल्या जीडीपीच्या साडेतीन टक्क्यांच्या आतच. तेव्हा पहिला नंबर छापलात तसं आपल्या जिल्ह्यात त्यातलं किती आलं आणि कशात मुरलं, तेही एकदा छापा.

जाता जाता कमिशनचं. आमच्या वेळी वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे पाच टक्के. आज परदेशातून २०० डॉलर घरी धाडायला जगात सरासरी सहा टक्क्यांवर खर्च येतो. मोबाइलच्या जमान्यात पोस्टमनपेक्षा महाग!

आता कोल्हापूरच कुणाची तरी मुंबई झालंय. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा बिहारचा एक पोरगा परवा चहाच्या गाड्यावर भेटला. पगार झाला की फोनवरनंच घरी पैसे टाकतो. त्यातून काय केलं, विचारलं. पक्कं घर बांधलं, म्हणाला. म्हैस? होती, विकली. गावात दूध घ्यायला येतंय कोण?

– एक निवृत्त पोस्टमन, कोल्हापूर