दाबाची खिडकी हेक्टोपास्कलमध्ये हवी

महोदय,

विमानचालनाच्या शिकवणी वर्गांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. सिम्युलेटरवर सराव केल्याने मुलांचा खर्च वाचतो, हे लेखकाचे म्हणणे मान्य आहे. मात्र पडद्यावरचे उपकरणांचे पॅनेल कोणत्या देशाच्या पद्धतीचे आहे, हा मुद्दा त्यातून निसटला आहे.

माझा पुतण्या अशाच एका वर्गाला जातो. तेथील सिम्युलेटरवरच्या सेस्ना 172 या छोट्या विमानाच्या अल्टिमीटरमधील (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणातील) दाबाची खिडकी, म्हणजे त्या वेळचा दाब गुंडीने लावायची जागा, अमेरिकी पद्धतीनुसार पाऱ्याच्या इंचांत आहे, तर आपल्याकडे नियंत्रण कक्ष हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजेच मिलिबारमध्ये, सांगतो. ‘1008’ ऐकले की मुले भिंतीवरच्या तक्त्यात 29.77 शोधतात आणि मग गुंडी फिरवतात. कंटाळून कोणी खिडकीतला आकडा नेहमीच्या 29.92 वरच ठेवला, तर अल्टिमीटर जवळजवळ दीडशे फूट जास्त उंची दाखवतो, म्हणजे सुमारे 1,940 फुटांवरच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान 2,090 च्या आसपास दिसते.

कारखान्यात मापक उपकरणांच्या दुरुस्तीत आयुष्य गेल्यामुळे मी घरच्या संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटर एक्स या प्रोग्राममध्ये हात घातला. तेथे पॅनेलची सारी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते: दर ओळीत एक उपकरण, त्याचा अनुक्रमांक, डावीकडून आणि वरून अंतर, रुंदी, उंची. पहिल्या प्रयत्नात मी एकच क्रमांक दोन ओळींना दिला आणि वेगदर्शक नाहीसा झाला. चूक सापडायला तासभर गेला. अल्टिमीटरच्या स्वतंत्र फाइलमध्ये मात्र दाबाच्या चलाच्या (प्रोग्राममध्ये दाबाचा आकडा ज्या नावाने साठवतात त्या ‘व्हेरिएबल’च्या) नावातील ‘एचजी’च्या, म्हणजे पाऱ्याच्या, जागी मिलिबारचे ‘एमबी’ लिहून, एकक मिलिबार करून, दशांशानंतरचे दोन आकडे काढले, एवढ्यावर काम झाले. (1928 च्या सुमारास हा अचूक अल्टिमीटर तयार करणाऱ्या पॉल कोल्समन यांच्या आडनावाचे स्पेलिंग या चलाच्या नावात चुकलेले आहे, ते सुधारायला जाऊ नये, उपकरण चालणार नाही.)

याचा अर्थ पॅनेल हवे तसे हलवावे असा नाही. पुतण्याने हौसेने जीपीएसचा नकाशा मधोमध आणला होता. तो मी परत बाजूला नेला. मध्ये कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारे उपकरण), डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खाली दिशा हा क्रम डोळ्यांच्या फिरण्यासाठी ठरलेला आहे, आणि खऱ्या विमानात नजर तेथेच जाणार.

‘मूळ प्रोग्रामला हात लावणार नाही,’ असे उत्तर, हा बदल सुचवल्यावर, मला पुतण्याच्या वर्गात मिळाले. तशी गरजही नाही. पॅनेलच्या फोल्डरची प्रत काढून तिला वेगळे नाव द्यावे आणि विमानाच्या फाइलमध्ये त्याच सेस्नाची दुसरी नोंद करून तिला हे नवे पॅनेल जोडावे. जुने विमान यादीत जसेच्या तसे राहते.

आपला,
एक वाचक, पुणे