बोक्याची लघवी तुंबली, त्यानंतर

प्रिय माधव,

लघवी मोकळी करायला घातलेली नळी काढली आणि बोक्याने घरी येऊन आपणहून ट्रेमध्ये लघवी केली, हे वाचून जीव भांड्यात पडला. बद्धकोष्ठ समजून तू अर्धा दिवस घालवलास, त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मांजर ट्रेमध्ये बसून कुंथायला लागलं की सगळ्यांच्या मनात आधी पोटच येतं. पण बोका असेल तर आधी लघवीचं बघायचं, एवढं यापुढे पक्कं ठेव.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतो. चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून तिथे बूच बसतं, किंवा नुसत्या सुजेने आणि तिथले स्नायू आवळल्यानेही वाट बंद होते. मांजरीचा मार्ग आखूड आणि रुंद, म्हणून तिच्यात हे क्वचितच होतं. लघवी तुंबली की मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. बोका दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो, तो यामुळे. म्हणून हे ‘उद्या सकाळी दाखवू’ असं दुखणं नाही. आणि गोखरूचा काढा, बार्लीचं पाणी असलं काही पाजून बूच निघत नाही. बंद नळाला वरून आणखी पाणी सोडल्यासारखं होतं ते.

नळी निघाल्यानंतरचा पहिला आठवडा सगळ्यात नाजूक, पुन्हा अडकण्याची भीती तेव्हाच जास्त. आतली सूज उतरलेली नसते. बोक्याचा चेहरा काही सांगणार नाही, ट्रे सांगेल. गोळे होणारी वाळू वापर आणि सकाळ-संध्याकाळ गोळे मोज. दिवसाला लिंबाएवढे दोन-चार गोळे म्हणजे ठीक. सुपारीएवढे बारीक बारीक पाच-सात दिसले, गुलाबी छटा दिसली, तो सारखा मागचा भाग चाटत बसला किंवा न्हाणीघराच्या जाळीवर जाऊन बसला, तर त्याच दिवशी फोन कर. ट्रे कोरडाच आहे, तो ओरडतोय, उलटी करतोय, तर फोनही नको, थेट दवाखाना गाठ. मूत्राशय भरलंय का हे पोट दाबून बघायला जाऊ नकोस. टम्म भरलेलं असेल तर फुटू शकतं.

आता पाणी. साडेचार किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण सव्वादोनशे मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. कोरड्या दाण्यांत ते दहा टक्क्यांच्या आतच. ओल्या पाकिटात पाऊण हिस्सा पाणी. ८५ ग्रॅमच्या एका पाकिटातून साठ-पासष्ट मिली आपोआप पोटात जातं. त्यातच दोन-तीन चमचे कोमट पाणी कालव. चिकन उकडलेलं पाणीही चालेल, पण मीठ, कांदा, लसूण अजिबात नको; कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेव, रुंद तोंडाची, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब.

खड्यांवरचं खास खाणं दुकानदाराच्या सांगण्यावरून आणू नकोस. स्ट्रुव्हाइटचे खडे त्या खाण्याने काही आठवड्यांत विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळतच नाहीत. कोणते आहेत ते डॉक्टरांना ठरवू दे. बऱ्याच तरुण बोक्यांत तर खडेही नसतात आणि जंतूही नसतात, नुसत्या ताणाने मूत्राशयाला सूज येते. घराची रंगरंगोटी, फटाके, नवं मांजर, एवढंही पुरतं. म्हणून ‘अँटिबायोटिक का दिलं नाही’ अशी तक्रार घेऊन डॉक्टरांशी भांडू नकोस.

तुझ्या घरातल्या औषधांच्या डब्याची मला जास्त धास्ती वाटते. तो दुखण्याने विव्हळतोय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नकोस. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. कुत्र्यासाठीचं पिसवांचं परमेथ्रिनवालं औषधही त्याला लावायचं नाही. फरशीला फिनाईलही नको; ते पंजांना लागतं आणि चाटताना पोटात जातं.

त्याने दिवसभर तोंड लावलं नाही तर वाट बघू नकोस. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते, आणि ते दुखणं पहिल्यापेक्षा जड जातं.

दवाखान्याचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटव आणि पिंजरा माळ्यावरून खाली काढून ठेव, दार उघडं ठेवून, आत त्याची चादर घालून. आणि दर रविवारी त्याचं वजन कर. काट्यावर आधी तू एकटा उभा राहा, मग त्याला कडेवर घेऊन, आणि दोन्ही आकडे मला कळव. तुझं वाढलंय की त्याचं घटलंय, ते मी इथे बसून सांगेन.

तुझा,
विनय